आप्पांचे दौंडचे रविवार

समस्त बंधुभगिनींनो! उपदेशाला सुरुवात होण्यापूर्वी एक सूचना. लेकुरवाळ्यांनी लेकरं गप्प करावीत, मागच्या बाकावरच्यांनी डुलक्या आवराव्यात. बाब गंभीर आहे. शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे ज्येष्ठ पंच, मिशनच्या शाळेतले सुतारकामाचे मास्तर, ज्यांची प्रार्थना चालू असताना बायका चुलीवरची भाकरी करपू देत पण डोळे उघडत नसत, असे माझे सासरे, ह्यांना उतारवयात दौंड गावाचा लळा लागलेला आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

आता दौंडचा लळा कुणाला लागतो का? मी दौंडची आहे, म्हणून मला हे विचारायचा हक्क आहे. माझे वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर. आमच्या क्वार्टरसमोर वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. इंजिनांच्या धुरामुळे आमच्याकडे ताकसुद्धा झाकूनच प्यायचं असतं असं मी लहानपणी समजत होते. अशा गावी, सोयरीक झाली म्हणून एकदा-दोनदा माणूस येतो, जेवतो, जातो. पण आप्पा, म्हणजे माझे सासरे, दर महिन्याला जाऊ लागले. शनिवारी दुपारची एस.टी., न्हावऱ्यावरून धूळ खात दौंड, रविवारची उपासना तिथं, आणि सोमवारी सकाळी परत. तेही नेमानं महिन्याचा पहिला रविवार धरून.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माझं लग्न ईस्टर होऊन गेल्यावर लगेच झालं. नवरा कवठे येमाईच्या शाळेत शिक्षक, तो मोठ्या सुट्टीपुरताच घरी. त्यामुळे घरात आम्ही तिघं: आप्पा, सासूबाई आणि मी. पुढं जे सांगते ते मला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. सासूबाईंनी मला सगळं नंतर सांगितलं, तेही मटार सोलत, माझ्याकडे न बघता. पण तुम्हाला ताटकळत का ठेवू? तुम्हाला आधीच सांगून टाकते.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट घ्यायच्या विधीसाठी, एक पितळी पेला होता. उभ्या दांडीचा, आतून कल्हई केलेला, एकच. त्यात मनुका उकळून काढलेला रस असायचा आणि तो पेला बाकाबाकावरून हातोहात फिरायचा. हा पेला आणि भाकरीचं ताट सांभाळायचं काम पंचांचं, म्हणजे आप्पांचं. आमच्या घरातल्या कपाटात वरच्या फळीवर, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तो ठेवलेला असे. दर ईस्टरच्या आधी आप्पा तो कपाटातून काढून पुसत आणि कल्हईला देत.

त्या वर्षी आप्पा पेला पुसत बसले होते. सासूबाईंनी अंगणात बोंबील वाळत घातले होते. त्या बोंबलांवर शेजारचं एक मांजर आठवडाभर डोळा ठेवून होतं, आणि आप्पा त्या मांजरावर. आप्पांचा स्वभाव सौम्य. सौम्यता ह्या विषयावर त्यांनी मंडळीत दोनदा बोलून दाखवलेलं. मांजर आलं, बोंबील तोंडात धरला, आणि आप्पांच्या डोळ्यात डोळा घालून उभं राहिलं. पुढं काय झालं ते आप्पांना स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. हातात जे होतं ते त्यांनी फेकलं. हातात पेला होता.

मांजर बोंबलासकट कुंपणावरून गेलं. पेला पाट्यावर जाऊन आपटला. बाजूला अंगठ्याएवढा पोचा आला.

आप्पांनी तो उचलला. अंगणात सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं. सुतार माणूस, आतून लाकडी हातोडीनं ठोकून बघितलं. त्यानं पोचा आणखी पसरला. मग त्यांनी तो फडक्यात गुंडाळला, घट्ट गाठ मारली, आणि संध्याकाळी कल्हईवाल्याच्या घरी नेऊन दिला.

कल्हईवाले चाचा मुसलमान. त्यांचं घराणं शिरूरमध्ये किती पिढ्यांचं ते कुणी मोजलं नव्हतं. मिशनच्या बोर्डिंगची मोठमोठी पातेली, आमच्या घरोघरची भांडी, सगळी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मिशनच्या आवारात लिंबाखाली खड्डा करून भाता लावत आणि नवसागराच्या पांढऱ्या धुरात बसून तासन्‌तास भांडी फिरवत. पेला मात्र ते आवारात कधी करत नसत. तो घरी. सगळं काम संपल्यावर, हात धुऊन, नव्या कापसाच्या बोळ्यानं. दुसऱ्यांच्या देवाचं भांडं म्हणून त्याच्याकडे ते फार निरखूनही बघत नसत. तेच त्यांच्या अंगलट आलं. कल्हई झाल्यावर त्यांना पोचा दिसला, तेव्हा तो आधीचा की आपल्या हातून कुठं आपटून आलेला, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

ईस्टरच्या सकाळी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पेला हातात घेतला आणि त्यांचा अंगठा खोलगट जागेत गेला.

"मास्तर, हा पोचा कसला?"

आप्पा म्हणाले, "कालच कल्हईवाल्याकडनं आणलाय, साहेब."

बघा हं. ह्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. काल आणला होता, कल्हईवाल्याकडूनच आणला होता. मला ह्या वाक्याचं फार कौतुक वाटत आलं आहे. खोटं बोलायला निदान थोडं धाडस लागतं. माणूस खरं लपवायला खऱ्याचाच आडोसा घेतो, तेव्हा त्याला स्वतःलाही वाटत राहतं, मी कुठं काय बोललो? शास्त्रातल्या बागेत मना केलेलं फळ खाऊन पहिल्या माणसानं देवापुढं तेच केलं होतं. ही बाई तूच दिलीस, तिनं मला फळ दिलं. सगळं खरं! फक्त खाणारा तोंड पुसून झाडामागं उभा.

त्या एका वाक्याचं पुढं काय झालं, ते ऐका. पाळकसाहेब "अरेरे" म्हणाले. त्यांच्या बाईंनी ते बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात सांगितलं. तिथून ते सगळ्या आवारात फिरलं. फिरता फिरता त्याला पाय फुटले. कल्हईवाल्यानं पेला पाडला. पाडून वर सांगितलं नाही. मुद्दाम पाडला का, असंही एक जण बोलला, मग इतरांनी त्याला गप्प केलं, पण गप्प करताना कुणी "छे छे, तसा माणूस नाही" असं म्हटलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा बोर्डिंगची पातेली नगरच्या कुणा कल्हईवाल्याला द्यायचं ठरून गेलं होतं. चाचा एकदा भाता खांद्यावर घेऊन फाटकाशी आले होते म्हणे. फाटक उघडलं गेलं नाही. तेव्हा आप्पा शाळेच्या कार्यशाळेत रंधा मारत होते. सासूबाई सांगायच्या, त्या दिवशी त्यांनी एका फळीला इतका वेळ रंधा मारला की तिचा पट्टीएवढा तुकडा राहिला.

तर आप्पांचं दुखणं असं. आता दौंडचा लळा कसा लागला ते सांगते. ते आमच्या लोकांशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

प्रभुभोजनाला बसायचं तर मन स्वच्छ हवं, ही आमची शिकवण. कुणाशी वैर असेल, कुणाचा अपराध केलेला असेल, तर आधी तो मिटवायचा, मग भाकरीला हात लावायचा. तसं न करता जो खातो-पितो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. आप्पा हे वर्षानुवर्षं लोकांना समजावत आले होते, आणि त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. म्हणजे ते भाकरी घेऊ शकत नव्हते. बरं, न घ्यावी तर? ताट बाकावरून फिरतं, तुम्ही न घेता पुढं दिलंत की शेजारच्याला दिसतं, मागच्याला दिसतं, आणि उपासना सुटायच्या आत सगळ्या मंडळीला कळतं की ह्यांच्या पोटात काहीतरी आहे. आमच्याकडे एका बाईनं एकदा नुसत्या दाढदुखीमुळे भाकरी घेतली नाही, तर तिचं सासूशी भांडण आहे असं ठरून दोन पंच तिच्या घरी समेट करायला गेले होते.

ईस्टरला ताट-पेला फिरवायच्या गडबडीत त्यांचं घ्यायचं राहिलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पुढं? घ्यावं तर देवाची भीती, न घ्यावं तर माणसांची. मग त्यांनी एस.टी. धरली.

पाळकसाहेब एकच, गावं दोन. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते शिरूरला प्रभुभोजन द्यायचे, दुसऱ्या रविवारी दौंडला. आप्पांनी हिशेब केला. पहिल्या रविवारी दौंडला जायचं. तिथं त्या दिवशी पाळक नाही, प्रभुभोजन नाही, नुसती प्रार्थना. दुसऱ्या रविवारी शिरूरला. तिथं त्या दिवशी पाळक नाही, प्रभुभोजन नाही, नुसती प्रार्थना. पाळकसाहेब आणि पेला पुढं पुढं, आप्पा त्यांच्या उलट्या दिशेनं. भाकरी फसवून खायची नाही इतके ते देवाला भिणारे होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं, इतके मात्र नव्हते.

आणि ह्या सगळ्याचा मार कुणाला बसला? माझ्या आईला.

व्याही घरी येणं ही काय साधी गोष्ट असते का! मुलीचा सासरा. आई शुक्रवारपासून घर सारवायला लागायची. वडील मटण आणायला जायचे. शेजारच्यांकडून चांगली उशी मागून आणायची. आप्पा येत, जेवत, थोडं बोलत, रविवारी रेल्वेच्या चार-सहा कुटुंबांची प्रार्थना चालवत आणि जात. पहिल्या महिन्यात आईला धन्य वाटलं. दुसऱ्या महिन्यात नवल वाटलं. तिसऱ्या महिन्यात तिला घाम फुटला.

एका खेपेला मीही आप्पांबरोबर गेले. आईनं मला पाय धुवायचीही सवड न देता स्वयंपाकघरात ओढलं.

"काय केलंस तू?"

"मी? काही नाही."

"खरं सांग. मी तुझी आई हाय. दूध उतू घालवलंस? उलटून बोललीस?"

"आई, काही केलं नाही गं."

"मग हे दर महिन्याला का येतात? येतात, जेवतात, आन् तोंडातनं शब्द काढत न्हाईत. व्याही गप्प बसला की समजायचं, पोरीचं काहीतरी सांगायला आलाय आन् सांगवत न्हाई त्याला." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मी एवढी दमलेय, की आता ते काय असंल ते बोलून टाकतील तर मी त्यांच्या पाया पडंन."

बाहेर आप्पा खाटेवर बसले होते. समोरून मालगाडी चालली होती. ती संपेपर्यंत ते एकेक डबा बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा माणूस, उन्हातून आलाय, दमलाय. आणि वाईट वाटलं, की बहुतेक माझंच काहीतरी चुकलं असणार, माझ्याच लक्षात येत नसेल. मीसुद्धा हळूहळू माझे अपराध शोधायला लागले होते, आणि सांगायला हरकत नाही, बरेच सापडले.

एका माणसानं लपवलं की आजूबाजूचे सगळे दमतात. झाडामागं उभं राहणाऱ्याचे पाय दुखतातच, पण त्याला शोधत फिरणाऱ्यांचेही दुखतात. घरात सासूबाई दर खेपेच्या शनिवारी आप्पांची पिशवी भरायच्या. धोतर, टॉवेल, शास्त्राचं पुस्तक, दशम्या. भरताना एकदाच म्हणाल्या, "चाचीला परवा ओढ्यावर भेटले. ती माझ्याशी बोलली. चाचा न्हाई बोलत." आप्पांनी पिशवी घेतली आणि म्हणाले, "गाडी चुकंल."

आता गंमत ऐका. कारण देवाला विनोदबुद्धी नाही असं जे म्हणतात ते आमच्या मंडळीत कधी बसलेले नाहीत.

पावसाळा संपल्यावर आमचा सुगीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते देवळात आणायचं. न्हावऱ्याचे कांदे, बाजरीची कणसं, दुधी भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं अंडंसुद्धा. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव, आणि एकच अंडं दहा वेळा विकलं जातं, कारण घेणारा ते परत दान करतो. त्या दिवशी पाळकसाहेब लिलावाआधी उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यात एक बंधू असा आहे, की ज्यानं दौंडच्या पोरक्या मंडळीसाठी ह्या वयात उन्हातान्हाची पर्वा केली नाही."

आप्पा पहिल्या बाकावर होते. मी मागून बघत होते. त्यांचे कान लाल झाले.

"मी जेव्हा शिरूरला असतो," पाळकसाहेब म्हणाले, "तेव्हा हे दौंडला त्या कळपाची राखण करतात. मी दौंडला गेलो की हे इथली प्रार्थना सांभाळतात. एका महिन्याचाही खाडा नाही. मंडळीनं त्यांच्यापासून शिकावं."

झेंडूचा हार घातला. टाळ्या झाल्या. एका म्हातारीनं तिची कोंबडीच आप्पांच्या मांडीवर ठेवली. माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, अभिमानानं.

"आणि ह्या बंधूच्या कष्टांचं फळ म्हणून," पाळकसाहेबांचा आवाज भरून आला, "आनंदाची बातमी. दौंडच्या लोकांनी एका निवृत्त पाळकांना गळ घातली आहे. येत्या महिन्यापासून दौंडलाही पहिल्या रविवारीच प्रभुभोजन मिळेल. म्हणजे आता आपले मास्तर इथं असोत की तिथं, त्यांना कधीही उपाशी राहावं लागणार नाही!"

कोंबडी ओरडली. आप्पांनी तिला फार जोरात धरलं होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आप्पांच्या पोटात कळ आली.

त्या सकाळपर्यंत चांगले होते. नांगरणीवरच्या माणसाएवढं जेवले होते. दुपारी पिशवी भरायची वेळ आली आणि ते खाटेवर आडवे झाले. सासूबाई आल्या, बघितलं, कपाळाला हात लावला. एरंडेलाची बाटली घेऊन आल्या.

"हे कशाला?" आप्पा म्हणाले.

"आजारी हाय न्हवं तुम्ही?"

"हाय."

"मग घ्या."

त्यांनी घेतलं. मी तेव्हा सासूबाईंना कठोर समजले, कारण त्यांनी ते वाटीभर ओतलं होतं. रविवार उजाडेपर्यंत आप्पा खरोखरीचे आजारी झाले होते. डोळे खोल गेले, आवाज बसला. मंडळीत निरोप गेला, की मास्तरांना अंथरुणातून उठवत नाही. मी घरीच थांबले. सासूबाई उपासनेला गेल्या नाहीत. त्या न पेटवलेल्या चुलीपाशी बसून राहिल्या.

पण आमच्या घाबरलेल्या आप्पांनी सगळा विचार केला होता, एवढा एक केला नव्हता. जो उठून येऊ शकत नाही, त्याच्याकडे पाळक भाकरी आणि पेला घेऊन घरी येतो. स्वतः आप्पांनीच कितीतरी आजाऱ्यांकडे तो पेला ह्याच फडक्यातून धरून नेला होता.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात उभे. हातात ते पांढरं फडकं.

त्याच वेळी अंगणात आणखी दोन माणसं आली. आप्पा आजारी आहेत हे चाचीच्या कानावर गेलं होतं, म्हणून ती भाताची पेज घेऊन आली होती. तिच्या मागं चाचा. आजाऱ्याची विचारपूस न करणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं, म्हणून ते आले. पण आत यायचं त्यांच्या मनात नव्हतं, म्हणून ते अंगणात काळ्या दगडावर घराकडे पाठ करून बसले. चाची आत आली, पेजेचं भांडं सासूबाईंच्या हातात दिलं आणि पाळकसाहेबांना बघून पदर सारखा करत भिंतीशी उभी राहिली.

"सलाम, मास्तर," पाळकसाहेब खाटेशी बसले. "तुम्ही दौंडला निघाला असता, हे मला माहीत आहे. शरीर साथ देत नाही, त्याला काय करणार. मीच आलो." त्यांनी फडकं सोडलं. "रीतीप्रमाणं विचारतो. कुणाशी वैर आहे? कुणाचा अपराध करून मिटवायचा राहिलाय?"

"तसं काय न्हाई," आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

चुलीपाशी सासूबाईंनी पेजेच्या भांड्यावर झाकण ठेवलं. जरा जोरात.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. भाकरीचा तुकडा आप्पांच्या हातावर ठेवला. आप्पांनी मूठ मिटली. तोंडाकडे हात गेला नाही. अशक्तपणा असेल म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना मानेखाली हात घालून उठवलं आणि पेला त्यांच्या हातात दिला.

ईस्टरपासून त्या मंडळीतल्या प्रत्येकाचा अंगठा त्या पोच्यात पडून गेला होता. आप्पांचा, पेला पिण्यासाठी हातात घेऊन, पहिल्यांदा पडला. मी त्यांच्या पायथ्याशी उभी होते, मला दिसलं. त्यांनी अंगठा काढला नाही. पेला ओठापर्यंत नेला, आणि मग खाली आणला, आणि रस फडक्यावर सांडला.

मला वाटतं, देवानं त्या बागेत "कुठं आहेस?" म्हणून हाक मारली, ती त्याला ठावठिकाणा माहीत नव्हता म्हणून नव्हे. झाडामागून बाहेर यायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. हाक आली की निदान "हा आलो" म्हणता येतं.

"साहेब," आप्पा म्हणाले, "ह्यो पोचा."

"असू द्या हो मास्तर, त्याचं एवढं काय मनाला..."

"ह्यो पोचा म्या पाडला."

"कल्हईवाल्याकडे पडला ना?"

"त्याच्याकडं जायच्या आदीच पडला हुता. मांजराला फेकून मारला म्या."

"कोणाला?"

"मांजराला."

"हा पेला?"

"ह्योच. आन् दौंडला मी कळपबिळप राखायला न्हाई गेलो. तुम्हाला चुकवायला गेलो. ह्येला चुकवायला गेलो." त्यांनी पेला ताटात ठेवला. "लई दमलो, साहेब. गाडीनं न्हाई दमलो."

पाळकसाहेबांनी पेला उचलून पोचा उजेडात धरून बघितला. हार त्यांनीच घातला होता. मग घसा खाकरून म्हणाले, "खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच जरा वाटलं होतं, की कल्हईवाला काही..."

सासूबाईंनी नुसती मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पाळकसाहेबांनी उरलेलं वाक्य गिळलं आणि, त्यांचं कौतुक केलं पाहिजे, म्हणाले, "नाही. नव्हतं वाटलं."

"चाचा," आप्पांनी दाराकडे हाक मारली. आवाज बसलेला, त्यामुळे ती हाक म्हणजे नुसती हवा. पण चाचा उंबऱ्यात आलेच होते. वहाणा काढल्या होत्या, पण पाऊल आत टाकलं नव्हतं.

"ऐकलं म्या," ते म्हणाले. "अंगणात सगळं ऐकू येतंय."

"चाचा, तुमचं नाव म्या..."

"नाव ऱ्हाऊ द्या, मास्तर." चाचा रागावले नव्हते, त्यापेक्षा वाईट होतं, ते कंटाळलेले होते. "मिशनचं फाटक मिटलं, ते मिटू द्या. गाव बोललं, बोलू द्या. पण ही माझी बायको. रोज जेवायला बसलो की भाकरी हातात धरायची आन् इचारायची, खरं सांगा, मी कुणाला सांगत न्हाई, सांडशीतनं सुटला न्हवं तुमच्या? न्हाई म्हणलं तरी दुसऱ्या दिवशी परत. न्हाई म्हणून म्हणून तोंड दुखलं माझं. शेवटी एक दिवस म्हणलं, सुटला असंल बाई, वाढ आता. तवापासनं सुखानं जेवतोय. आन् पुढं पुढं मला पण वाटाया लागलं, असंल, सुटलाच असंल." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "म्हंजी मास्तर, म्या केलं न्हाई ते कबूल करून जेवत हुतो, आन् तुम्ही केलं ते लपवून उपाशी."

आप्पांनी मूठ उघडली. भाकरीचा तुकडा भिजून त्याचा गोळा झाला होता.

"येत्या रविवारी," ते म्हणाले, "मंडळीत उभं ऱ्हाऊन सांगतो. मांजरासकट सगळं. चाचा, तुम्ही दाराशी येऊन ऐका. तुमच्या देखत सांगायचंय."

"दाराशी का म्हणून?" चाचा म्हणाले. "आत बसतो. पुढच्या बाकावर."

"पुढच्या बाकावर," आप्पा म्हणाले.

मग चाचांनी उंबरा ओलांडला आणि ते खाटेच्या कडेला बसले. माफ केलं असं कुणी म्हटलं नाही. कुणाच्यातच तेवढी ताकद उरली नव्हती. पाळकसाहेब ताटाकडे बघत होते. सासूबाई कितीतरी महिन्यांनी ऐसपैस पाय पसरून बसल्या. मी माझ्या आईला काय आणि कसं सांगायचं ह्याचा विचार करत होते.

आणि तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली चाची, डोक्यावरचा पदर मागं सारत, पाळकसाहेबांच्या देखत, आपल्या नवऱ्याकडे बोट करून मोठ्यांदा म्हणाली:

"मी तर पयल्यापासनं म्हणत हुते, ह्यांच्या हातनं पोचा पडायचाच न्हाई!"